खोटा रंग

माणसानं दुसऱ्याकडे वरून पाहू नये, असं आमची आजी सांगायची. तिच्या काळी वरून पाहायला फार तर माडी होती. आमच्या भाच्याच्या हाती उपग्रह आहे!

परवा आला तो लॅपटॉप उघडूनच. पडद्यावर काळी नदी आणि तिच्यावर लालभडक चट्टे. मला वाटलं, बाईंना गोवर निघालाय.

"मामा, ही आपली मुळा-मुठा. सेंटिनेल-२ उपग्रहानं टिपलेली. लाल दिसतेय ती जलपर्णी."

"जलपर्णी हिरवी असते रे!"

"हा खोटा रंग आहे. हिरवं पान अवरक्त प्रकाश भरपूर परत फेकतं, पाणी तो गिळून टाकतं. आपल्याला न दिसणाऱ्या त्या प्रकाशाला चित्रात लाल रंग द्यायचा. पानं लाल, पाणी काळं."

खोटा रंग दिला की खरं दिसतं! माझ्या बत्तीस वर्षांच्या नोकरीतला अनुभव नेमका उलटा होता.

"पण मग काठावरचा वडही लालच?"

"लालच. तण कुठलं, हे आपण ठरवायचं."

इथे मात्र मी अडकलो. ठरवायचं कशावरून? जन्मावरून म्हणावं, तर जलपर्णी मूळची ॲमेझॉनकडची. पण साबुदाण्याच्या खिचडीतला साबुदाणा, बटाटा, दाणे आणि मिरची ही सगळी मंडळी अमेरिका खंडातूनच आलेली. म्हणजे आमची एकादशी पाहुण्यांच्याच जिवावर पार पडते. बरं, जलपर्णी आगाऊपणानं घुसली म्हणावं, तर तेही नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिच्या जांभळ्या फुलांवर भाळून लोकांनीच तिला बंगालात आणली. पुढे १९३६ साली तिच्याविरुद्ध बंगालात कायदा करावा लागला. तिला वाचता येत नसल्यामुळे तिनं तो पाळला नाही.

राहता राहिलं वागणं. तिथे ती दोषी आहे, यात शंका नाही. पाण्यावर अशी सतरंजी अंथरते की खाली उजेड जात नाही, प्राणवायू घटतो, मासे गुदमरतात. स्वतः जगावं, पण दुसऱ्यालाही जगू द्यावं. हे ज्याला जमत नाही ते तण. माझा निकाल तयार झाला. मी खूश होऊन चहा मागवला.

"आणि मामा, पोटभर खायला मिळालं की दोनेक आठवड्यांत दुप्पट होते ती!"

"खायला कोण घालतं या बयेला?"

भाच्यानं जुनी चित्रं एकामागून एक सरकवली. ढग नसले तर दर पाच दिवसांनी एक. प्रत्येक चित्रात लाल रंग एकाच ठिकाणापासून सुरू होत होता.

"हे आपल्या नाल्याचं तोंड. सांडपाण्यातला नायट्रोजन आणि फॉस्फरस म्हणजे तिला पंचपक्वान्नं. यंत्रानं कितीही उपसा, पंगत चालू आहे तोवर ती उठायची नाही."

चहा जरा कडू लागला. माझी आंघोळ, हिच्या कपड्यांची पावडर, खरकटी भांडी... अमेरिकेतून आलेल्या पाहुणीला रोज वाढणारे यजमान आम्हीच! आणि शिव्या मात्र तिला.

संध्याकाळी पुलावर गेलो. जलपर्णी जांभळ्या फुलांनी डवरली होती. सवयीनं रुमाल नाकाशी नेला आणि लक्षात आलं, वास घरचाच आहे.