थेंबाचा हिशोब

आज एक लहानसा प्रश्न आपल्यासमोर ठेवावासा वाटतो. जे पाणी आपण वापरले नाही, जे सांडण्याचा आपला इरादाही नव्हता, ते वाया गेले तर त्याची जबाबदारी आपल्यावर येते काय? हा प्रश्न मला एखादा ग्रंथ वाचताना पडलेला नाही. तो माझ्या न्हाणीघरात पडला.

तेथे गरम व थंड पाणी एकत्र करणारा, भिंतीत बसविलेला मिक्सर आहे. दांडी पूर्ण खाली केली तरी शॉवर टपकत राही. ‘पाहू पुढे’ म्हणत चार महिने गेले. एके दिवशी फज्रच्या वुजूला उठलो असता थेंब मोजले. सेकंदाला एक, म्हणजे दिवसाला ८६,४०० थेंब. वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला, तरी सव्वाचार लिटरांहून अधिक पाणी होते.

आता आठवण करा. आदरणीय प्रेषित (स.) सुमारे एक मुद्द पाण्यात वुजू करीत आणि एक साअ ते पाच मुद्द पाण्यात गुस्ल करीत, असे बुखारी व मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत आले आहे. मुद्द म्हणजे अंदाजे पाऊण लिटर, आणि चार मुद्दांचा एक साअ. ज्या पाण्यात अल्लाहच्या प्रेषितांचे (स.) स्नान होत असे, त्याहून अधिक पाणी माझ्या घरातून रोज कोणाच्याही उपयोगी न पडता गटारात जात होते. आणि मी त्याच घरात उभा राहून वुजूच्या वेळी मुलांना ‘नळ बारीक करा’ असे बजावत होतो!

यावर मन एक वकिली करते. कर्मांचे मोल नीयतीवर ठरते. माझी नीयत उधळपट्टीची नव्हती. मग हा इस्राफ कसा? पहिल्या दिवसापुरता हा युक्तिवाद मला मान्य आहे. यंत्र झिजते, त्यात मनुष्याचा दोष नाही. परंतु दोष कळल्यानंतर स्वस्थ बसणे हे न-करणे राहत नाही. तोही एक निर्णयच होय, आणि निर्णयाला नीयत असतेच. माझी नीयत आळसाची होती, एवढेच.

ह. सअद (रजि.) यांना वाहत्या नदीकाठीही वुजूत पाणी जपण्याची ताकीद मिळाल्याची एक रिवायत इब्ने माजा यांनी दिली आहे. तिच्या सनदीविषयी हदीसतज्ज्ञांत मतभेद आहेत, हेही सांगितले पाहिजे. तिचा आशय मात्र विचारात टाकतो. नदीकाठी कोणाचे पाणी कमी होणार होते? म्हणजे प्रश्न केवळ टंचाईचा नाही, तो आपल्या हाताच्या सवयीचा आहे.

दुरुस्ती तशी अवघड निघाली नाही. गीझर बंद केला, दोन्ही बाजूंचे पाणी बंद केले, दांडी उघडून नळीतील दाब सोडला. स्क्रू हरवू नये म्हणून मोरीच्या जाळीवर फडके टाकले. दांडीखालचा बारीक स्क्रू काढून, पितळी नट पान्ह्याने सोडविला आणि आतील कार्ट्रिज बाहेर काढले. त्यात सिरॅमिकच्या दोन गुळगुळीत चकत्या एकमेकींवर सरकतात. त्यांवरच पाण्याचे प्रमाण आणि उष्णता ठरते. बोअरच्या पाण्याचा क्षार आणि रेतीचा कण त्यांच्यात शिरला की चरा पडतो व पाणी थांबत नाही. दुकानदार पूर्ण मिक्सर बदलण्याचा आग्रह करीत होता. त्याच मापाचे नवे कार्ट्रिज पुरेसे ठरले. प्रेषित (स.) स्वतःची पादत्राणे स्वतः दुरुस्त करीत, हे आपण व्याख्यानांत मोठ्या प्रेमाने ऐकतो, पान्हा हाती घेण्यास मात्र संकोच वाटतो.

कार्ट्रिज काढताना त्याच्या तळाची रबरी कडी चिरलेली दिसली, आणि भिंतीचा आतला भाग ओला होता. तेव्हा मला खालच्या मजल्यावरील शेजारी आठवले. दोन महिन्यांपूर्वी ते छताला ओल आल्याचे सांगावयास आले होते. मी म्हणालो होतो, ‘आमच्याकडे तर सर्व ठीक आहे, गच्चीच्या पाइपाचे असेल.’ शॉवर टपकतो हे तेव्हा मला ठाऊक होते. भिंतीत पाणी जाते हे ठाऊक नव्हते. त्या दोहोंमधील फटीत मी माझे वाक्य बेतून बसविले होते. वाचकहो, त्याला असत्य म्हणावे की नाही, हे आपणच ठरवा. पाण्याविषयी अल्लाहकडे तौबा करता येते. शेजाऱ्याचा हक्क मात्र शेजाऱ्यानेच माफ करावयाचा असतो.

असरनंतर ते जुने कार्ट्रिज हातात घेऊन मी खाली गेलो. छतावरचा डाग परातीएवढा झाला होता. रंगाचा खर्च मी देईन, असे सांगितले. त्यांनी कार्ट्रिज उलटसुलट करून पाहिले आणि विचारले, ‘हे तुम्हाला केव्हा कळले?’