नगर जळाले, म्हणून ते दुष्ट होते काय?

शब्बाथशाळेत प्राचीन नगरांचा विषय निघाला की आम्हा शिकवणाऱ्यांचे काम सोपे होते. सोदोम, निनवे, बाबेल. नगर वाढले, माजले आणि देवाने ते धुळीस मिळवले. ह्याच ओघात एकदा आम्ही मेक्सिको देशातील तेओतिवाकान नगराची गोष्ट सांगितली. तेथे माणसांचे बळी देत, म्हणून ते नगर जळून गेले, असा शेवट केला. वर्गातील एका मुलाने विचारले, "सर, बळी दिल्यावर किती वर्षांनी जळाले?"

आम्हाला उत्तर देता आले नाही. घरी येऊन पुस्तके काढली, आणि जे वाचले त्याने आमची गोष्टच मोडली.

हे नगर आजच्या मेक्सिको शहराच्या ईशान्येस सुमारे ५० किलोमीटरवर आहे. भरभराटीच्या काळी त्याचा विस्तार सुमारे २० चौरस किलोमीटर होता आणि वस्ती लाखाच्या घरात. सूर्याचा म्हणून ओळखला जाणारा तेथील पिरॅमिड ६० मीटरांहून उंच आहे. तेथील बळींविषयी आम्ही खोटे सांगितले नव्हते. पिसांच्या सर्पाचे मंदिर इ. स. २०० च्या सुमारास बांधले गेले. १९८० नंतरच्या उत्खननांत त्याच्या खाली व भोवती शंभराहून अधिक माणसांचे सांगाडे निघाले. पुष्कळांचे हात पाठीमागे बांधलेले होते.

पण गोष्ट तेथे संपत नाही. पुढे चौथ्या शतकात त्याच मंदिराची नासधूस झाली आणि त्याच्या दर्शनी भागापुढे दुसरा चौथरा उभारून तो झाकला गेला. बळींची प्रथा मात्र थांबली नाही. चंद्राच्या पिरॅमिडखालीही बळी सापडले आहेत. तरी तिसऱ्या शतकापासून ह्या नगराने आणखी एक काम हाती घेतले होते. सामान्य लोकांसाठी दगडी भिंतींचे वाडे बांधले, दोन हजारांच्या आसपास! एकेका वाड्यात अनेक कुटुंबे, मधे अंगण, चुन्याची जमीन, पाणी वाहून नेणारी गटारे. जुन्या जगात कष्टकऱ्यांना अशी घरे क्वचितच मिळाली. दूर वहाका प्रांतातून आलेल्या लोकांची तेथे स्वतंत्र वस्ती होती, आणि त्यांनी आपली मडकी व मृतांना पुरण्याची रीत पिढ्यान्‌पिढ्या जपली.

मग इ. स. ५५० च्या सुमारास आग लागली. म्हणजे मुलाच्या प्रश्नाचे उत्तर, सुमारे साडेतीनशे वर्षे. त्या नगराचा नकाशा तयार करणारे रेने मिलन ह्यांनी दाखवले की आग सरसकट लागलेली नव्हती. मुख्य रस्त्यावरची मंदिरे व सत्तेची स्थाने हेरून जाळली गेली. मूर्ती फोडून तुकडे विखुरले. सामान्यांचे वाडे बहुतेक वाचले. लिंडा मांझानिया ह्या विदुषीच्या मते हा घरातला कलह होता. धनवान झालेले वस्त्यांचे पुढारी एकीकडे आणि राज्यकर्ते दुसरीकडे. काहीजण दुष्काळाचेही कारण देतात. राजवाड्यांत छिन्नविच्छिन्न केलेल्या माणसांचे अवशेष मिळाले आहेत. ज्यांनी कैद्यांचे हात बांधले त्यांच्यानंतरच्या बारा-चौदा पिढ्यांचे हे लोक!

हा देवाचा न्याय म्हणावा, तर दोषी अंथरुणावर मेले आणि दंड भलत्यांना झाला. शिलोहाच्या बुरुजाखाली चिरडलेल्या अठरा जणांचा विषय प्रभूने स्वतः काढला आणि ते इतरांहून अधिक पापी होते हे नाकारले. तो भाग आम्ही कितीदा तरी शिकवला होता.

कोणी म्हणेल, मग बळी देणे पाप नव्हते काय? होते. पण ज्या दिवशी हात बांधले त्या दिवशीच होते, आणि ते नगर आजतागायत नांदत असते तरीही असते. आगीला पुरावा मानले की आपण नकळत असे कबूल करतो की जे टिकले ते निर्दोष. आमच्या गोष्टीतली खरी चूक ही होती. शेकडो वर्षांनी अझ्टेक लोकांनी ते अवशेष पाहिले, त्यांना त्यात शिक्षा दिसली नाही. सूर्य येथेच जन्मला असे ते म्हणत, येथे पूजेला येत, आणि आपल्या राजधानीत बळीही देत. १५२१ साली ती राजधानी स्पॅनिश सैन्याने पाडली, तेव्हा क्रूस घेऊन आलेल्यांपैकी कित्येकांनी आपल्या तलवारीलाच देवाचा न्याय म्हटले. हे लिहिताना आम्हाला सुख वाटत नाही.

पुढच्या रविवारी आम्ही वर्गात आपली चूक सांगितली आणि साडेतीनशे वर्षांचा हिशेब फळ्यावर मांडला. त्या मुलाने तो वहीत उतरवून घेतला. मग विचारले, "ज्यांचे हात बांधले होते, त्यांची नावे काय होती?" तेथील एका राजाचेही नाव अजून त्या नगराच्या चिन्हांतून कोणाला वाचता आलेले नाही, एवढेच आम्ही त्याला सांगू शकलो.