अदृष्ट अग्नी आणि अनुमानाचा धर्म

पर्वतावर धूर दिसला म्हणजे तेथे अग्नी आहे असे अनुमान करावे, हा न्यायशास्त्राचा दाखला पाठशाळांतून शतकानुशतके घोकला गेला. परंतु ज्या अग्नीजवळ जाऊन प्रत्यक्षाने खात्री करून घेणे कोणालाही शक्य नाही, त्याच्याविषयीचे आपले ज्ञान कोणत्या दर्जाचे मानावे, हा प्रश्न त्या दाखल्याने सुटत नाही, कारण पर्वत चढून जाण्याची वाट तेथे खुली असते.

गुजरातेत मेहसाण्याजवळील बालोल आणि सांथाल या तेलक्षेत्रांत ती वाट बंद आहे. तेथील खनिज तेल अतिशय दाट असल्यामुळे, सुमारे एक हजार मीटर खोलीवरील वाळूच्या थरात दाबाने हवा सोडून त्या तेलाचाच काही अंश जाळावा आणि त्या उष्णतेने उरलेले तेल पातळ करून विहिरीकडे सरकवावे, ही पद्धत ओएनजीसीने १९९० च्या सुमारास प्रयोगादाखल आणि १९९७ पासून मोठ्या प्रमाणावर अवलंबिली. त्या अग्नीची साक्ष देतो तो विहिरीतून वर येणारा वायू.

समजा, त्या वायूच्या शंभर भागांत नायट्रोजन ८३, कार्बन डायॉक्साइड १४, कार्बन मोनॉक्साइड २ आणि ऑक्सिजन १ भाग आढळला. नायट्रोजन ज्वलनात भाग घेत नाही. म्हणून हवेतील ७९ व २१ या प्रमाणावरून त्याच्यासोबत सुमारे २२ भाग ऑक्सिजन खाली गेला होता हे ठरते. वर आलेल्या वायूंत मात्र, कार्बन मोनॉक्साइडच्या भागांतला ऑक्सिजन निम्माच धरायचा असल्याने, १६ भागांचाच हिशेब लागतो, आणि उरलेले ६ भाग तेलातील हायड्रोजनशी संयोग पावून त्यांचे पाणी झाले असे मानावे लागते. दिवसा न जेवणारा देवदत्त धष्टपुष्ट असेल तर तो रात्री जेवत असला पाहिजे, अशी जी अर्थापत्ती मीमांसकांनी स्वतंत्र प्रमाण म्हणून स्वीकारली, तिचाच हा आविष्कार होय. या हिशेबाने जळणाऱ्या इंधनात कार्बनच्या एका अणूमागे हायड्रोजनचे सुमारे दीड अणू पडतात, आणि हे ज्वलन प्रखर असल्याचे लक्षण होय. तोच आकडा तीनच्या पलीकडे चढू लागला, तर ऑक्सिजन तेलाला जाळण्याऐवजी त्याच्याशी संयोग पावून त्याला अधिकच घट्ट करीत असावा, असा संशय घेणे प्राप्त होते. केवळ कार्बन डायॉक्साइड आढळला म्हणून अग्नी सिद्ध झाला असे म्हणणेही धोक्याचे, कारण उष्णतेने वा आम्लाने चुनखडीयुक्त खडकातूनही तो वायू सुटू शकतो. नैयायिक अशा हेतूला, म्हणजे साध्याशिवायही आढळणाऱ्या खुणेला, सव्यभिचार म्हणतील.

जेथे धूर तेथे अग्नी, अशी व्याप्ती सर्वत्र आणि सर्वकाळ टिकेल याची हमी कोण देणार, हा चार्वाकांचा आक्षेप येथे खोडला जात नाही. पण हमी नसतानाही हेतूत कोठे उपाधी, म्हणजे छुपी अट, दडली आहे काय याचा शोध घेत राहणे, नवा नमुना रुजू होताच जुना निष्कर्ष पुन्हा तपासणे, हे मनुष्याला शक्य आहे, आणि ज्ञानाची प्रतिष्ठा मला त्यातच दिसते. ईश्वराच्या बाबतीतही हेच दिसते: नैयायिक उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजली’त जगत् हे कार्य आहे यावरून त्याच्या कर्त्याचे, म्हणजे ईश्वराचे, अनुमान मांडले, ते प्रतिपक्षाच्या आक्षेपांना सामोरे जाऊनच. अदृष्टावर श्रद्धा ठेवण्याचा अधिकार मी कोणाचाही हिरावून घेऊ इच्छीत नाही. मात्र जो आपल्या श्रद्धेला अनुमानाचा आधार आहे असे सांगतो, त्याने कोणती खूण दिसली असता आपण तो निष्कर्ष मागे घेऊ, हेही सांगण्यास बांधील असले पाहिजे.