दोष देणं आणि दोष शोधणं

एकाच पेटीत डीव्हीडी आणि व्हिडिओ कॅसेट अशी दोन यंत्रं नांदवायची कल्पना ज्या कोणाच्या डोक्यात प्रथम आली, तो गृहस्थ एकत्र कुटुंबात वाढलेला असला पाहिजे. थोरली जाऊ कॅसेट; व्हीएचएस जातीची, जपानात 1976 साली अवतरलेली. धाकटी जाऊ तबकडी. तीही जपानचीच, 1996 सालची. एकीचं सगळं काम फितीवर, चाकांवर आणि रबरावर; दुसरीचं लाल लेसरवर. स्वभाव असे दोन टोकांचे, पण छप्पर एक आणि विजेचा पुरवठाही एक. आता अशा घरात एकीला ताप आला की काय होतं, हे मी सांगायला नको. साऱ्या घराची बदनामी होते. "अख्खं मशीनच भंगार आहे, द्या टाकून!"

या वाक्यात नीतिशास्त्रातला एक मोठा प्रश्न दडलेला आहे, असं माझं मत आहे. मराठीत दोष 'देता'ही येतो आणि 'शोधता'ही येतो. वरवर पाहता दोन्ही एकाच आळीतली कामं वाटतात. पण दोष द्यायला नुसतं तोंड पुरतं. शोधायला मात्र काय बिघडलं आहे याआधी काय शाबूत आहे, ते पाहावं लागतं. आणि दुसऱ्यातलं शाबूत काय ते पाहायचं, म्हणजे आपल्यापैकी बहुतेकांच्या जिवावर येतं.

मेकॅनिक ते बिनतक्रार पाहतो. समजा, कॅसेट लागत नाही. तो आधी डीव्हीडी लावतो. ती चालली, तर विजेचा पुरवठा बहुधा ठीक आणि टीव्हीही निर्दोष. कॅसेटवर क्षणभर का होईना, स्वच्छ चित्र उमटलं, तर आतलं फिरतं हेडही ठीक. मग दुसरी कॅसेट घालून बघायची. जपून ठेवलेली नव्हे, गेली तरी रडू येणार नाही अशी. तीही अडकली, तर पहिली कॅसेट सुटली. काही वेळा तर दोष फक्त वायरीचा असतो. पुष्कळशा जोडयंत्रांत मागच्या काही भोकांतून नुसत्या डीव्हीडीचंच चित्र बाहेर पडतं, आणि लोक तिथे वायर खुपसून कॅसेटच्या नावाने खडे फोडत बसतात. असं एकेकाला निर्दोष सोडत गेलं की शेवटी जो उरतो, तो गुन्हेगार. न्यायशास्त्रात याला परिशेष म्हणतात. अन्नंभट्टाच्या 'तर्कसंग्रहा'तला पर्वतावरचा धूर आणि त्यावरून केलेलं अग्नीचं अनुमान विद्यार्थ्यांना पाठ असतं. भुसावळच्या मेकॅनिकने तो ग्रंथ पाहिलेला नसतो; पण यंत्रातून धूर आला, तर आधी प्लग काढायचा, हे तो अन्नंभट्टाच्या एक पाऊल पुढे जाऊन सांगतो.

आमच्या दीपनगरला हे ज्ञान खरं तर हवेतूनच मिळायला हवं. गाव म्हणजे वीजकेंद्र आणि त्याची वसाहत. केंद्रातला एखादा संच अचानक ट्रिप झाला, की आधी रिलेचा फ्लॅग पाहायचा. जुन्या रिलेवर एक बारीकशी रंगीत पट्टी पडते आणि संच कोणामुळे थांबला ते सांगते. तिची नोंद केल्याखेरीज तिला हात लावायचा नाही, असा शिरस्ता. आमच्या शेजारच्या काकांनी कंट्रोल रूममध्ये तीस वर्षं हा शिरस्ता पाळला. मुलगाही केंद्रातच, म्हणून मुक्काम अजून वसाहतीतच आहे.

या काकांचं जोडयंत्र गेल्या उन्हाळ्यात बिघडलं. कॅसेट आत जाई, चित्र दिसे आणि पाच-सहा सेकंदांत यंत्र गप्प. कॅसेट होती त्यांच्या लेकीच्या लग्नाची, 1992 सालची. हळदीच्या गाण्यांत काकू पुढे होत्या. आता काकू नाहीत, आणि त्यांचा आवाज त्या फितीखेरीज दुसरीकडे कुठेही नाही. कॅसेट बाहेर काढली तर फितीचा लांबलचक गुंता. काकांचा चेहरा पांढरा पडला आणि समोर उभा होता सात वर्षांचा नातू. "तूच काहीतरी घातलंस आत! बिस्कीट घातलंस ना?" पोरगं आधी नाही म्हणालं. मग आवाज चढला, मग एक धपाटा बसला, आणि मग ते म्हणालं, "हो, घातलं."

आता आली का पंचाईत! रीतसर कबुलीजबाबच मिळाला.

मेकॅनिकने झाकण उघडलं. आत बिस्कीट नव्हतं, बिस्किटाचा चुराही नव्हता. फीत गुंडाळून घेणारं चाक ज्या रबरी फिरकीने फिरतं, तिचं रबर दगडासारखं झालेलं. फिरकी घसरे, चाक थांबे, फीत साचे, आणि चाक फिरत नाही हे कळून यंत्र आपणहून बंद पडे. "काका, पोराचं यात काहीच नाही," तो म्हणाला. "आपल्याकडच्या उन्हात माणूस कडक होतो, रबराचं काय घेऊन बसले!" शेवटपर्यंत व्हीसीआर बनवणाऱ्या जपानच्या फुनाई कंपनीने 2016 च्या जुलैत हात टेकले, त्याचं एक कारण सुटे भाग मिळेनात हेच होतं. तेव्हा नवी फिरकी कुठली मिळायला? दुकानातल्या एका मयत यंत्राने मरणोत्तर दान केलं आणि काम भागलं. जाताना मेकॅनिक बजावून गेला, "पहिले ही फीत कम्प्युटरवर उतरवून घ्या. मशीनचा भरवसा नाही, फितीचाही नाही."

मला मात्र त्या फिरकीपेक्षा 'हो, घातलं' याचंच नवल वाटत राहिलं. यंत्राचा एक मोठा गुण असा, की दटावल्याने ते खोटी कबुली देत नाही. त्याला शिव्या घाला, थापट्या मारा. डीव्हीडी काही कॅसेटचा गुन्हा अंगावर घेणार नाही. माणूस घेतो. दोष देणाऱ्याला म्हणून पुराव्याची कधी वाण पडत नाही. तो दरडावतो आणि पुरावा समोरच्याच्या तोंडून बाहेर पडतो. शोध तिथेच संपतो. रबर आत घसरतच राहतं.

यावर कोणी म्हणेल, की कधीकधी पोरं खरंच बिस्कीट घालतात. घालतात ना! व्हीसीआरची फट त्यांच्या हाताच्या मापाचीच असते. पण मग आधी झाकण उघडायला हरकत कसली? खरोखरचं बिस्कीट कुठे पळून जाणार आहे? धपाटा तासाभराने दिला तर त्याची धार काही कमी होत नाही. उलट तासाभरात तो द्यायची गरजच उरत नाही, असा पुष्कळांचा अनुभव असेल. काका दुष्ट नव्हेत. आवाज कायमचा गेला या भीतीने त्यांचा तोल गेला, आणि घाबरलेल्या माणसाला कारणापेक्षा गुन्हेगार आधी हवा असतो. म्हणूनच तर कंट्रोल रूममध्ये तो शिरस्ता घालून द्यावा लागतो. तिथली माणसं काही घरच्यांहून शहाणी नसतात. त्यांना फक्त आधी फ्लॅग वाचायची सक्ती असते.

यंत्र दुरुस्त झालं त्या संध्याकाळी काकूंचा आवाज आमच्या ओट्यापर्यंत ऐकू आला. पुढे फीत उतरवूनही झाली. धपाट्याची दुरुस्ती मात्र कोणत्या दुकानात करून मिळते, ते मेकॅनिकला विचारून उपयोग नव्हता. ते काम काकांचं होतं. त्यांनी नातवाला जवळ बसवलं आणि आतली फिरकी कशी फिरते, ते सगळं समजावून सांगितलं. पोराने नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "आजोबा, मग मी बिस्कीट घातलंच नव्हतं ना?"