हरभऱ्याचे वावर आणि फळाचा त्याग

रब्बीचे पीक कोणाच्या कर्तृत्वाने येते, आणि ज्याचे पोटच त्या पिकावर आहे त्याने फळाची आसक्ती सोडायची म्हणजे नेमके काय करायचे, हा अल्पभूधारकापुढचा खरा धर्मप्रश्न आहे. वाशीम जिल्ह्याच्या रिसोड तालुक्यातील केनवडच्या शिवारात सोयाबीन निघाले की एखाद-दोन एकरांत हरभरा पेरतात. त्या वावरात हा प्रश्न तपासता येतो.

गीतेचा अठरावा अध्याय कर्माची पाच कारणे सांगतो: अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव. काळी जमीन हे अधिष्ठान. पावसाळ्यातली ओल तीच धरून ठेवते. तिफण, वखर ही करणे. चेष्टा मात्र अनेक आहेत: वाफसा पाहून पेरणी, फुलोऱ्याआधी पाणी, घाटे अळीवर नजर. पेरणीनंतर महिनाभराने शेंडे खुडतात. वरची वाढ थांबते, बाजूच्या फांद्या फुटतात. खुडणाऱ्याची बोटे पानांवरच्या आंबट द्रवाने, आंबीने, चिकट होतात. रोप उपटून पाहिले तर मुळांवर गाठी दिसतात. गाठ फोडल्यावर आत गुलाबी रंग असेल तर रायझोबियम जिवाणू हवेतला नत्र रोपाला पुरवत आहेत. हे काम शेतकऱ्याने केलेले नसते. केवळ स्वतःलाच कर्ता मानणाऱ्याची समज अपुरी आहे, असे गीता पुढे म्हणते, त्याचा याहून स्पष्ट दाखला क्वचितच मिळेल.

म्हणून फलत्याग म्हणजे पिकाविषयी बेफिकिरी नव्हे. विनोबांनी 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात दिलेल्या गीताप्रवचनांत बाहेरच्या कर्माला चित्ताची जोड मिळणे याला विकर्म म्हटले. पुढे पवनारला त्यांनी बैलाविना, हातांनी ऋषिशेती केली. मन ओतून केलेले काम आणि ‘हे सगळे माझ्यामुळेच’ हा अभिमान, या दोन गोष्टी वेगळ्या करता येतात. सोडायचा आहे तो अभिमान. घरात येणाऱ्या धान्याची चिंता करणे यात अधर्म काहीच नाही.

उरते दैव. शंकराचार्यांनी त्याचा अर्थ इंद्रियांच्या अधिष्ठात्या देवता असा केला. शेतकरी मात्र हा शब्द आभाळासाठी वापरतो. फेब्रुवारी-मार्च 2014 मध्ये महाराष्ट्रात ठिकठिकाणी गारांनी रब्बीची पिके झोडपली, तेव्हा कोणाच्या मेहनतीत कसूर नव्हती. पण हमीभावाखाली झालेली खरेदी किंवा थंडीत मध्यरात्री येणारी पंपाची वीज यांनाही दैव म्हणणे चूक आहे. त्या निर्णयांचा कर्ता माणूसच असतो आणि त्याला जाब विचारता येतो. गीतेतले पाचवे कारण त्याच्या बचावासाठी सांगितलेले नाही.