मिंधेपणा आणि संचय

सेवानिवृत्तीस दोनचार वर्षे उरलेल्या माणसाच्या तोंडी एक वाक्य हटकून येते: ‘म्हातारपणी कोणाचे मिंधे होण्याची वेळ येऊ नये, एवढेच मागणे.’ मुलूख सोडून नोकरी करणाऱ्यांच्या तोंडी तर ते अधिकच येते, आणि त्याला कारणही आहे. जबलपुरास, लखनौस किंवा दिल्लीस ज्यांची उमेदीची तीस वर्षे गेली, त्यांचे गावाकडचे घर भाऊबंदांकडे राहिले, शेताचा वाटा सातबाऱ्यावर नावापुरता उरला आणि अडीअडचणीला धावून येणारी माणसे फोनवरच भेटू लागली. अशा माणसाला बँकेचे पासबुक हेच गणगोत वाटले तर त्याची थट्टा कोणी करू नये. तथापि या वाक्यात जो अभिमान दडलेला आहे, त्याचा आधार एकदा तपासून पाहावा असे मला वाटते. संचयाने माणूस खरोखरच स्वावलंबी होतो काय?

पूर्वी धान्य पेवात भरून ठेवीत. पेव उघडले की हाताला धान्य लागे. थोडे किडलेले, थोडे उबलेले, पण धान्यच. आपला संचय त्या जातीचा नव्हे. आज चाळिशीत असलेला अधिकारी ऐंशीव्या वर्षी जो भात जेवील, तो अजून पेरलेला नाही. जी परिचारिका त्याला हाताला धरून उठवील, ती कदाचित अजून जन्माला यावयाची आहे. तेव्हा आपण साठवतो ते धान्य नव्हे आणि सेवाही नव्हे. आपण साठवतो तो एक हक्क. उद्याच्या तरुणांनी श्रम करावेत आणि त्यांतील काही अंश आपल्याला मिळावा, असे वचन आपण आज विकत घेऊन ठेवतो. ते कधी सरकार देते, कधी बँक, तर कधी एखादा कारखाना. मुलाच्या घरी राहणारा वृद्ध एका ओळखीच्या माणसावर अवलंबून असतो. व्याजावर राहणारा असंख्य अनोळखी माणसांवर. अवलंबन दोघांनाही चुकलेले नाही. दुसऱ्याला त्याबद्दल रोज सकाळी सुनेच्या चेहऱ्याकडे पाहावे लागत नाही, एवढेच. आणि हे सुख लहान आहे असे मी म्हणणार नाही.

ही वचने कितपत पाळली जातात? सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीची योजना १९६८ साली निघाली. १९८६ पासून २००० सालच्या जानेवारीपर्यंत तिच्यावर शेकडा बारा व्याज मिळे. चौदा वर्षे जे मिळाले ते जन्मभर मिळणार, असा हिशेब कित्येकांनी मनाशी मांडला होता. एप्रिल २०२० मध्ये तो दर ७.१ वर आला. युनिट ट्रस्टने १९६४ मध्ये काढलेली युनिटांची पहिली योजना मध्यमवर्गीय घरांत सरकारी रोख्याइतकीच निर्धास्त मानली जात असे. जुलै २००१ मध्ये ट्रस्टने त्या युनिटांची विक्री आणि परतखरेदी एकाएकी थांबविली, आणि पुढे सरकारला आपल्या तिजोरीतून आधार द्यावा लागला. शिवाय कोणीही वचन मोडले नाही तरी महागाई आपले काम करीतच असते. भाव दरसाल सहा टक्क्यांनी वाढले, तर बारा वर्षांत रुपया निम्म्या मोलाचा होतो. साठाव्या वर्षी पुरेसे वाटणारे मासिक उत्पन्न चौऱ्याऐंशीव्या वर्षी पाव उरते.

खुद्द सरकारी नोकराच्या बाबतीत तर आणखी एक गोष्ट घडली. १ जानेवारी २००४ रोजी किंवा त्यानंतर केंद्राच्या सेवेत आलेल्यांना, सैन्यदले वगळता, जुने निवृत्तिवेतन बंद झाले. एकाच कचेरीत, एकाच हुद्द्यावर, शेजारच्या दोन टेबलांवर बसणाऱ्या दोघांपैकी एकाच्या वार्धक्याची हमी सरकारने घेतलेली, तर दुसऱ्याचे वार्धक्य बाजारभावावर सोपविलेले, असे दृश्य वीस वर्षे दिसत राहिले. १ एप्रिल २०२५ पासून नवी एकीकृत योजना आली. पंचवीस वर्षे सेवा झालेल्याला अखेरच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्म्या रकमेची हमी तीत आहे. वार्धक्यातील अनिश्चिततेचे ओझे कोणी वाहावे, व्यक्तीने की समाजाने, याचे उत्तर एका पिढीत दोनदा बदलले. यांपैकी कोणते उत्तर न्याय्य याविषयी मतभेद होतील. माझ्यापुरते म्हणावयाचे तर, ज्याला बाजाराची भाषा येत नाही त्याच्या माथी बाजाराची जोखीम मारणे मला कधीच पटलेले नाही.

एवढे कळल्यावर शहाणा माणूस काय करतो? आपला शेतकरी ज्वारीत तुरीची ओळ टाकतो, तेच. पाऊस कसा पडेल हे ठाऊक नसते, म्हणून तो एकाच पिकावर सारे वर्ष लावीत नाही. चारपाच वर्षांत लागणारा पैसा शेअरांत घालू नये, आणि वीस वर्षांनी लागणारा सगळाच ठेवींत झोपवून ठेवू नये. काही भाग निधीत, काही रोख्यांत, काही अनेक कारखान्यांच्या भांडवलात असावा, आणि वर्षातून एकदा त्यांचे प्रमाण पाहून जे फार वाढले असेल ते थोडे खुडावे. यात हुशारीपेक्षा नम्रता अधिक आहे. पुढचे मला दिसत नाही, ही त्यामागची कबुली आहे.

कोणी म्हणेल, हा झाला व्यवहार. यात नीतीचा प्रश्न कोठे आला? तो केंद्रीय नागरी सेवेच्या १९६४ च्या वर्तणूक नियमांत आलेला आहे. त्यांतील सोळावा नियम शासकीय नोकराला सट्ट्याची मनाई करतो. अधूनमधून केलेली गुंतवणूक मात्र चालते. आणि सट्टा म्हणजे काय, तर वारंवार केलेली खरेदीविक्री. नियम लिहिणाऱ्याने रकमेला हात लावला नाही, वारंवारतेला लावला! कारण वचनावर विश्वास ठेवून वीस वर्षे थांबणारा आणि दुपारच्या चहाच्या आत दुसऱ्याच्या घाईवर चार पैसे मिळवू पाहणारा, या दोघांनी तोच शेअर घेतला तरी त्यांचे मन एक नसते. फाइल समोर उघडी ठेवून मांडीवरच्या फोनमध्ये भाव पाहणारा अधिकारी आता दुर्मिळ राहिलेला नाही. त्याचे नुकसान झाले तर मला फारसे वाईट वाटत नाही. फाइलीतल्या माणसाचे मात्र वाटते.

याउलट, संचयच नको असे म्हणणारी थोर परंपराही आपल्याकडे आहे. गांधीजींनी मुंबईत वकिली करीत असताना एका अमेरिकन विमा एजंटाच्या बोलण्यावरून दहा हजार रुपयांचा विमा उतरविला होता. पुढे दक्षिण आफ्रिकेत त्यांना वाटू लागले की, विमा उतरवून आपण पत्नीचे आणि मुलांचे स्वावलंबनच हिरावून घेतले. जगातील अगणित गरिबांच्या कुटुंबांचे काय होते? त्यांनी हप्ते बंद करून तो विमा बुडू दिला. प्रश्न बिनतोड आहे, यात शंका नाही. परंतु त्या निर्णयाची जोखीम ज्यांनी सोसावयाची होती, त्यांचे मत कोणी विचारले? येथे मला तुकोबांची कथा अधिक विचार करावयास लावते. सावकारीची खते इंद्रायणीत बुडविण्यापूर्वी त्यांनी त्यांची वाटणी केली, धाकट्या भावाचा निम्मा भाग त्याच्या हाती दिला आणि बुडविली ती फक्त आपली, असे परंपरा सांगते. दुसऱ्याचे वैराग्य आपण परस्पर घेऊ नये, हे त्यांनी पाळले. (जिजाईचे म्हणणे काय होते, तेही परंपरेने राखून ठेवले आहे, पण तो निराळा विषय.)

तेव्हा संचय करावा, हे मी मान्य करतो. मात्र तो उद्याच्या श्रमिकांवरचा हक्क असेल, तर आजच्या श्रमिकांशी माझे काय नाते, हे टाळता येत नाही. गेल्या वर्षी आमच्या क्वार्टरमध्ये धुण्याभांड्यांना येणाऱ्या बाईने, मी टेबलावर कागद पसरून निवृत्तीचा हिशेब करीत असता, तिलाही असे काही मिळेल काय, असे विचारले. वय त्रेचाळीस. अटल पेन्शन योजना २०१५ पासून आहे. साठीनंतर दरमहा एक ते पाच हजारांची हमी तीत मिळते, पण चाळिशीनंतर तीत प्रवेश नाही. तिला तिच्याविषयी कोणी सांगितले नव्हते. त्यांत मीही आलो; ती आमच्याकडे येऊ लागली तेव्हा चौतीस वर्षांची होती.

भविष्य निर्वाह निधीचे खाते मात्र कोणालाही काढता येते, आणि वर्षाला किमान पाचशे रुपये भरले तरी ते चालू राहते. आम्ही दोघे पोस्टात गेलो. पंधरा वर्षांची मुदत ऐकून तिने बोटांवर आपले वय मोजले आणि विचारले, तोवर तुम्ही येथे असाल का? माझी निवृत्ती तीन वर्षांवर आली आहे. मी तसे सांगितले. तिने मान हलविली, फॉर्मवर अंगठा उठवला, आणि वारसाच्या रकान्यात कोणाचे नाव घालू, असे कारकुनाने विचारताच धाकट्या मुलीचे नाव सांगितले. तिच्या खात्यात दरसाल काही रक्कम मी भरावयाची, आणि मी येथून गेल्यावरही ती धाडीत राहावयाची, असे ठरविले आहे. आमच्या घरी हिशेबाच्या वहीत ती रक्कम कोणत्या सदराखाली लिहावी, यावर पत्नीचे आणि माझे अजून एकमत झालेले नाही. मी ‘दान’ लिहिले होते. तिने ते खोडून ‘पगारबाकी’ असे लिहिले.