कूड आणि महानगर

पोर्तुगीज अंमलातील गोव्याहून, काखेत व्हायोलिनची पेटी मारून मुंबईत उतरणारा तरुण वादक हा, आज आपल्याला कितीही चमत्कारिक वाटले तरी, कायद्याच्या दृष्टीने परक्या मुलखाची रयत होता; भाषा कोंकणी, दस्तऐवज पोर्तुगीज, प्रार्थना लॅटिन आणि पोट मात्र मुंबईच्या हवाली, अशी त्याच्या आयुष्याची वाटणी झालेली असे. 1955 साली सरहद्द बंद झाली, तेव्हा सणासुदीला गावी जाणेही परवान्याच्या मेहेरबानीवर आले.

अशा माणसाला मुंबईने सामावून घेतले, असे आपण सहज लिहून जातो. मला ते मान्य नाही. त्याला सामावून घेतले ते त्याच्याच गावाने. धोबीतलावावरच्या जेर महालासारख्या इमारतींत गोव्याच्या गावागावांनी आपापली ‘कूड’ थाटलेली असे. मराठीत कूड म्हणजे कामट्यांची लिंपलेली भिंत आणि कुडी म्हणजे देह. कोंकणीतली कूड म्हणजे खोली. आणि या वस्तीस तिन्ही अर्थ लागू पडावेत, हा भाषेचा योगायोग मला मोठा मनोज्ञ वाटतो. भिंतीलगत ट्रंकांची रांग, त्यांवर गुंडाळलेली अंथरुणे, एका टोकाला गावच्या संताची वेदी, आणि सायंकाळी रोझरीला हजेरी सक्तीची. बोटीवर चाकरीस निघालेला तारवटी, हॉटेलातला आचारी आणि बँडमधला ट्रंपेटवाला एकाच ओळीत गुडघे टेकीत. घर नव्हेच ते; पण ज्याला गाव आहे त्याला नगरात निदान पाठ टेकता येते, एवढी सोय त्यात होती.

तथापि नुसत्या आसऱ्याने कलावंत तगत नाही. नगराला त्याची गरज लागावी लागते. ती गरज चित्रपटाने निर्माण केली. संगीतदिग्दर्शक पेटीवर चाल गुणगुणे. परंतु ताफाभर व्हायोलिने, चेलो आणि ट्रंपेट एका क्षणी, एका श्वासात वाजवायची, तर प्रत्येकाच्या समोर त्याचा कागद हवा. आपल्या संगीताची सारी पुण्याई स्मरणात साठवलेली. गोमंतकीय ख्रिस्ती मुलगा मात्र चर्चच्या शाळेत मेस्त्रीच्या, म्हणजे संगीतमास्तराच्या, छडीखाली सोल्फेज, म्हणजे स्वरवाचन, घोकून आलेला, पाच रेघांवरचे ठिपके वर्तमानपत्रासारखे वाचणारा. ज्या शिक्षणाचा हेतू चर्चमधील गायनवृंद हा होता, त्याचे पीक मुंबईच्या रेकॉर्डिंग स्टुडिओत निघाले. सेबॅस्टियन डिसोझा यांचा बँड तर लाहोरच्या हॉटेलात वाजत असे. फाळणीने तो बरखास्त केला आणि शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांना मुंबईत त्यांचा हात लाभला. या मंडळींनी सकाळी ताज्या शाईचे कागद घोडीवर लावावेत, दोनचार तालमींत गाणे उभे करावे आणि दिवसाची बिदागी खिशात घालून कुडीकडे परतावे. कागद तेथेच राहत, आणि बहुतेक पुढे रद्दीत जात.

पैशाच्या व्यवहारात त्यांच्यावर अन्याय झाला, असे सरसकट म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. चांगल्या वादकाची मिळकत सामान्य कारकुनाला हेवा वाटावा अशी असे. देणे चुकले ते नावाचे. चित्रपटाच्या नामावलीत ‘सहायक’ एवढ्या मोघम शब्दाखाली, आणि पुष्कळदा त्याखालीही नाही, अशा रीतीने ज्यांनी गाण्याचा अर्धा देह घडवला ते नाहीसे झाले.

माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांना हे सलले असावे, असे त्यांच्या धडपडीवरून वाटते. 1943 मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षाच्या आसपास, ते मुंबईस आले. संगीतदिग्दर्शक नौशाद यांच्या ताफ्यात वाजवू लागले. पुढे संगीतदिग्दर्शक झालेले प्यारेलाल त्यांच्यापाशी व्हायोलिन शिकले. रागांना वाद्यवृंदाचा पोशाख चढवण्याचा ध्यास घेऊन त्यांनी 1958 मध्ये स्वतःचा वाद्यवृंद उभा केला आणि लता मंगेशकर व मन्ना डे यांना त्यात गावयास लावले. हा उपक्रम फार काळ चालला नाही. 1965 मध्ये ते अमेरिकेतील सिरॅक्यूज विद्यापीठाकडे निघून गेले. म्हणजे आणखी एक नगर, आणि या खेपेस कूडही नाही.

1977 साली प्यारेलाल यांनी गुरूचे ऋण फेडले. ‘अमर अकबर अँथनी’मध्ये अंड्यातून बाहेर पडणारा नायक ज्या नावाने स्वतःची ओळख करून देतो, ते नाव त्यांचे. सारा देश हसला, नाचला, आणि असा कोणी हाडामांसाचा मनुष्य आहे हे बहुतेकांच्या गावीही नव्हते. त्याच वर्षी केरीच्या गायिका केसरबाई केरकर यांची भैरवी व्हॉयेजर यानातून अंतराळात गेली, ती मात्र त्यांच्या नावानिशी. दोघेही गोव्याहून मुंबईस आलेले. परंतु मैफलीत गाणारीचे नाव गाण्याआधी पोहोचते, वाद्यवृंदातल्या वादकाचे गाणे संपल्यावरही पोहोचत नाही.

अमेरिकेहून परतलेले गोन्साल्विस 18 जानेवारी 2012 रोजी गोव्यात वारले. आता एक विनंती. दिवाळीच्या साफसफाईत वांद्र्याच्या, माहीमच्या किंवा साष्टीतल्या एखाद्या घराच्या माळ्यावर पाच रेघांच्या पिवळ्या कागदांची चळत निघाली, तर कृपा करून ती रद्दीवाल्याच्या तराजूत टाकू नका. कोपऱ्यात कोणाचे नाव लिहिले आहे ते आधी वाचा.